उजनीतले हिरवे नेमके कोण?

कमी पावसाच्या वर्षी उन्हाळा तापला की सोलापूर जिल्ह्यात चौकाचौकात एकच चौकशी असते: उजनी मायनसमध्ये गेले का? भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. साठवण सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. जिवंत साठा संपला, म्हणजेच धरण मायनसमध्ये गेले, की मागे उरते ते उथळ, संथ आणि कोमट पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा असे वाहत याच जलाशयात येऊन थांबते. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, वरून वैशाखाचे ऊन. मग करमाळा, माढा, इंदापूरच्या काठांवर पाणी पोपटी होते, वाऱ्याने लोटलेला हिरवा थर किनाऱ्याला साचतो आणि त्याला कुबट वास सुटतो. काठावरची माणसे म्हणतात, ‘पाण्याला शेवाळ आलंय.’

व्यवहारात हे बरोबरच आहे. मात्र या थरातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात बहुधा खरे शेवाळ कमी आणि सायनोबॅक्टेरिया जास्त दिसतात. हे जीवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, तरीही वनस्पतींसारखे ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन सोडतात. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली ती यांच्याच पूर्वजांमुळे. वनस्पतींच्या पानातले हरितलवकसुद्धा अशाच एका जीवाणूचे वंशज आहे. इतकी थोर परंपरा असलेला हा जीव आपल्याकडे मात्र ‘निळे-हिरवे शेवाळ’ म्हणून वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये नोस्टॉकच्या एका आकृतीपुरता उरतो.

प्रश्न असा की उजनीतले हे हिरवे नेमके कोणते? सायनोबॅक्टेरियाच्या हजारो जाती आहेत. काही भातखाचरात हवेतला नायट्रोजन बांधून पिकाला फुकट खत देतात, पी. के. डे यांनी बंगालच्या भातजमिनींवर काम करून ही गोष्ट १९३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली होती. काही जाती माणूस खातो. काहींचे विष यकृत निकामी करते. ‘हिरवे पाणी’ या दोन शब्दांत हे सगळे एकत्र कोंबले जाते. जीव ओळखणे, त्याला नाव देणे आणि कुळात बसवणे हे काम त्यामुळे अभ्यासकांचा छंद राहत नाही. त्याचा थेट संबंध पिण्याच्या पाण्याशी येतो. सोलापूर शहर तर उजनीचेच पाणी पिते.

देशिकाचारींचा ग्रंथ

भारतात कुणालाही सायनोबॅक्टेरिया ओळखायचे असतील तर हात आधी एका जाड इंग्रजी ग्रंथाकडे जातो. टी. व्ही. देशिकाचारी यांचा ‘सायनोफायटा’ १९५९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. देशिकाचारी मद्रासचे, एम. ओ. पी. अय्यंगार यांच्या परंपरेतले. देशभर विखुरलेल्या नोंदी त्यांनी एका जागी आणल्या, आकृत्या दिल्या, ओळखीच्या किल्ल्या दिल्या. आजही अनेक महाविद्यालयांत या ग्रंथाच्या झेरॉक्स प्रती बाइंडिंग करून ठेवलेल्या असतात.

महाराष्ट्रातही हे काम झाले आहे, फक्त त्याची वाच्यता फारशी होत नाही. एला गोन्साल्विस आणि जे. थॉमस यांनी पश्चिम भारतातल्या गरम पाण्याच्या कुंडांतली शैवाले तपासली. त्यांच्या १९६५च्या लेखमालेचा पहिला भाग अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांवर आहे. भाविक जिथे अंघोळीला उतरतात, तिथल्या काठावरचा हिरवा-निळसर लेप या दोघांनी खरवडून आणून त्यातल्या जाती नोंदवल्या. एन. डी. कामत यांनी १९६३ साली कोल्हापूरच्या शैवालांची यादी छापली. पुढे मराठवाड्यातही त्यांचे काम झाले.

या सगळ्यांचे मुख्य हत्यार म्हणजे डोळा, आणि डोळ्याला जे दिसते त्यावर नाव. पेशी गोल की पिंपाच्या आकाराची? सुट्ट्या की माळेत? माळेला फांद्या फुटतात का? भोवती चिकट वेष्टण आहे का? मधूनच एखादी मोठी, जाड भिंतीची, फिकट पेशी दिसते का? ही फिकट पेशी म्हणजे हेटरोसिस्ट. नायट्रोजन बांधणारे विकर ऑक्सिजन लागताच बिघडते, म्हणून माळेतल्या काही पेशी प्रकाशसंश्लेषणाचे ऑक्सिजन सोडणारे काम थांबवतात, भिंत जाड करतात आणि फक्त नायट्रोजन बांधत बसतात. शेजारच्या पेशी त्यांना साखर पुरवतात. सूक्ष्मदर्शकात हेटरोसिस्ट दिसली की शोधाचे क्षेत्र एकदम आकसते.

पण डोळा फसतो. एकाच जातीला भरपूर नायट्रोजन दिला तर ती हेटरोसिस्ट बनवतच नाही. उजेड कमी-जास्त केला की रंग बदलतो. तलावात गोळ्यागोळ्यांनी वाढणारा जीव प्रयोगशाळेच्या काचपात्रात सुट्ट्या पेशींनी वाढू लागतो. उलटही घडते: दिसायला तंतोतंत सारखे दोन जीव नात्याने एकमेकांपासून फार दूरचे निघतात.

पाटील आडनावाची अनेक घरे

नोस्टॉक हे याचे उत्तम उदाहरण. मण्यांच्या माळेसारख्या पेशी, भोवती जेली, अधूनमधून हेटरोसिस्ट, एवढे जुळले की ‘नोस्टॉक’ असे लिहून मोकळे व्हायची रीत शतकभर चालली. डीएनए वाचता येऊ लागल्यावर कळले की नोस्टॉक हे महाराष्ट्रातल्या पाटील आडनावासारखे आहे. गावोगावी पाटील असतात. सगळे भाऊबंद असतात असे नाही.

हा गुंता सोडवण्याचे काम गेल्या काही वर्षांत पुण्यातही झाले. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्समध्ये प्रशांत सिंह आणि सहकाऱ्यांनी मातीत, डबक्यांत सापडलेल्या नोस्टॉकसारख्या जिवांची नव्याने तपासणी केली. २०१७ साली त्यांनी ‘नोस्टॉक थर्मोटॉलरन्स’ ही नवी जाती जाहीर केली. मग आणखी जवळचे जीव हाती आले, तुलना वाढली आणि लक्षात आले की हा सगळा गट खऱ्या नोस्टॉकपासून वेगळा आहे. २०१९ साली त्या गटासाठी नवी प्रजाती (जीनस) उभी करण्यात आली आणि तिला नाव दिले ‘देशिकाचार्या’. दोन वर्षांपूर्वी नोस्टॉकमध्ये घातलेली जाती नाव बदलून ‘देशिकाचार्या थर्मोटॉलरन्स’ झाली. ज्यांच्या ग्रंथावरून पिढ्यान्‌पिढ्या नोस्टॉक ओळखला, त्यांचे नाव नोस्टॉकमधून फुटून निघालेल्या शाखेला लागले, यात एक छान औचित्य आहे. पुण्याचेही नाव या यादीत आहे: ‘नोस्टॉक पुनेन्सिस’ या नावाने आलेली जाती २०१८ साली ‘डेस्मोनोस्टॉक पुनेन्से’ झाली.

नावे अशी सारखी बदलताना पाहून सामान्य वाचक वैतागेल, आणि पाणीपुरवठा खात्यातला केमिस्ट तर नक्कीच वैतागेल. तक्रार रास्त आहे. पण जुने नाव टिकवण्यासाठी चुकीचे नाते टिकवायचे का, हा प्रश्न उरतोच. आरोग्यासाठी ‘स्पिरुलिना’च्या गोळ्या घेणाऱ्यांना बहुधा माहीत नसते की त्या गोळीतला जीव शास्त्रज्ञांच्या लेखी केव्हाच स्पिरुलिना राहिलेला नाही. आधी तो आर्थ्रोस्पायरा झाला आणि २०१९ साली लिम्नोस्पायरा. डबीवर जुनेच नाव आहे, आणि ते बदलायची घाई कुणाला नाही.

एक तंतू वेगळा काढताना

नवी जाती ‘सापडते’ म्हणजे काय होते? तळ्याकाठी कुणी ती उचलून ‘हीच ती’ म्हणत नाही. चिमूटभर माती किंवा बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत येते आणि बीजी-११ नावाच्या क्षारद्रावणावर पसरले जाते. हेटरोसिस्टवाले जीव हवे असतील तर त्याच द्रावणातला नायट्रेट काढून टाकतात. मग हवेतला नायट्रोजन बांधता न येणारे आपोआप मागे पडतात. ट्यूबलाइटच्या मंद उजेडात काचेच्या थाळीवर काही आठवड्यांनी हिरवे, निळसर, कधी तपकिरी ठिपके उगवतात.

खरा कस इथून पुढे लागतो. या जिवांच्या चिकट वेष्टणात इतर जीवाणू तळ ठोकून असतात आणि ते सहजासहजी निघत नाहीत. काचेची नळी ज्योतीवर तापवून केसासारखी बारीक ओढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिने एकच तंतू उचलतात. सरकणाऱ्या जातींसाठी आणखी एक युक्ती आहे. थाळी काळ्या कागदात गुंडाळून एका बाजूला फट ठेवायची. रात्रभरात तंतू उजेडाकडे सरकत जातात, नको असलेली मंडळी मागेच राहतात. सकाळी फटीजवळचा अगरचा तुकडा कापून नव्या थाळीवर ठेवायचा. हे अनेकदा करावे लागते, आणि तेवढ्यावरही शुद्ध वाण हाती येईलच असे नाही.

शुद्ध वाण हाती आला की दोन तपासण्या बरोबरीने चालतात. एक जुनीच: पेशींची लांबी-रुंदी मोजणे, वयानुसार माळेचा आकार कसा बदलतो ते पाहणे, प्रतिकूल काळात तग धरणाऱ्या जाड भिंतीच्या पेशी बनतात का हे नोंदवणे. दुसरी डीएनएची. प्रत्येक जीवाणूत १६एस नावाचे एक जनुक असते, सुमारे दीड हजार अक्षरांचे. ते फार हळू बदलते, त्यामुळे त्यावरून नाते मोजता येते. दोन जिवांतली जुळणी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी भरली तर ते वेगळ्या जातीचे असण्याचा दाट संभव. सुमारे ९५ टक्क्यांखाली गेली तर प्रजातीच वेगळी असण्याचा. सायनोबॅक्टेरियाचे अभ्यासक याला आणखी एक कसोटी जोडतात. १६एस आणि त्याच्या शेजारच्या जनुकामधला पट्टा पेशीत वळून विशिष्ट आकडे आणि फासे बनवतो. या आकड्यांचे आकार जातीगणिक बदलतात, आणि नव्या जातीच्या लेखात त्यांच्या आकृत्या हमखास दिलेल्या असतात.

सगळ्या पुराव्यांनी एकाच दिशेला बोट दाखवले तर नवे नाव. एकाने जरी वेगळी दिशा दाखवली तर लेख कपाटात जातो आणि आणखी नमुने गोळा करायला माणूस पुन्हा रानात जातो.

गरुड मारणारा जीव

ही उठाठेव कशासाठी, याचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतले आहे. १९९४च्या हिवाळ्यात आर्कान्सॉ राज्यातल्या डिग्रे तलावाच्या परिसरात बाल्ड ईगल मरून पडू लागले. मेलेल्या पक्ष्यांच्या मेंदूत पोकळ्या दिसत होत्या. रोगजंतू सापडेना, कीटकनाशक सापडेना. वर्षानुवर्षांच्या शोधानंतर लक्ष गेले पाण्यातल्या हायड्रिला वनस्पतीच्या पानांवर. पानांच्या खालच्या बाजूला सायनोबॅक्टेरियाच्या वसाहती होत्या. पाणपक्षी ती पाने खात आणि गरुड त्या पक्ष्यांना. हा जीव कुठल्याच ज्ञात प्रजातीत बसेना. २०१४ साली सुसान वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला नाव दिले ‘एटॉक्थोनॉस हायड्रिलिकोला’, म्हणजे हायड्रिलावर राहणारा गरुडमारक.

गोष्ट इथे संपली नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हा जीव निरुपद्रवी निघाला! संशोधक बुचकळ्यात पडले. मग कळले की विषाच्या रेणूत ब्रोमीन आहे, आणि प्रयोगशाळेतल्या द्रावणात ब्रोमाइडच नव्हते. ते घातल्यावर विष तयार होऊ लागले. विषाची रचना २०२१ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. पहिले गरुड मेले त्याला तोवर पाव शतक उलटून गेले होते.

पाण्याच्या बाबतीत माणसांवरही असे प्रसंग आले आहेत. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १४८ जण आजारी पडले, बहुतेक लहान मुले. गावाला पाणी पुरवणाऱ्या धरणात हिरवा थर आला होता आणि तो मारण्यासाठी मोरचूद टाकला होता. थर मेला, पण पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरले. पुढे त्या धरणातून जो जीव वेगळा काढला गेला, त्याचे मूळ वर्णन १९१२ साली जावामधल्या नमुन्यावरून झाले होते. त्याला आज राफिडिऑप्सिस रॅसिबॉर्स्की म्हणतात. १९९६ साली ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष गेले आणि त्यामुळे ५० हून अधिक रुग्ण दगावले.

मायक्रोसिस्टिन ज्या जिवात प्रथम सापडले तो मायक्रोसिस्टिस भारतातल्या तलावांत अगदी नेहमीचा. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या गोल पेशी, शेकड्यांनी चिकट द्रवात अडकलेल्या. पेशीत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडला की अख्खी वसाहत तरंगत वर येते. हा जीव जितका ओळखीचा, तितकेच त्याचे वर्गीकरण वादग्रस्त. वसाहतीच्या आकारावरून त्याच्या डझनावारी जाती मोजल्या गेल्या. २००१ साली जपानी संशोधकांनी डीएनएच्या आधारे त्यातल्या पाच जाती खरे तर एकच आहेत असे मांडले. त्याहून अडचणीची बाब अशी की विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. विष बनवणारी जनुके आहेत की नाहीत हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. पाणी उकळून हे विष जात नाही, हेही इथे सांगून टाकायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दिलेली मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम आहे.

म्हणून उजनीच्या थराबद्दल ‘शेवाळ आहे’ असे उत्तर आले तर ते अपुरे. ‘मायक्रोसिस्टिस आहे’ हे बरे. कोणता वाण, विषाची जनुके आहेत का, कोणत्या महिन्यात कोणता जोर धरतो, इथपर्यंत माहिती गेली तरच जलशुद्धीकरण केंद्राला तिचा उपयोग.

पाण्याबाहेरचे सोलापूर

नव्या जाती हुडकायच्या तर सोलापुरात पाण्यापेक्षा कोरडी जमीनच कदाचित अधिक देईल. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या काळ्या रानात, उन्हाने भेगाळलेल्या ढेकळांवर, पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवसांत जे हिरवट-काळे पापुद्रे दिसतात त्यात सायनोबॅक्टेरिया असतात. जुन्या वाड्यांच्या माळवदावर, गच्चीच्या कोपऱ्यात पावसाळ्यात जी जेली फुगते आणि ऊन पडताच काळ्या कागदासारखी वाळून जाते, ती बहुधा नोस्टॉकची. पाय घसरल्यावर तिला शिव्या मिळतात, एवढीच तिची नोंद. दगडी भिंतींवरून खाली उतरणारे काळे ओघळ पाहून आपण धूर किंवा ओल म्हणतो. ओडिशातल्या मंदिरांवर झालेल्या अभ्यासांत तशा काळ्या थरात सायनोबॅक्टेरिया मुबलक आढळले आहेत. त्यांच्या वेष्टणात स्कायटोनेमिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य असते. ते अतिनील किरण अडवते, म्हणून चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हातही पेशी जळत नाहीत.

दुष्काळाशी यांचे जुने सख्य आहे. अमेरिकेत सी. बी. लिपमन यांनी हर्बेरियमच्या कागदात ८७ वर्षे वाळून पडलेला नोस्टॉकचा नमुना ओला केला आणि तो पुन्हा वाढू लागला. हा प्रयोग १९४१ साली प्रसिद्ध झाला. इतके सोसणारे जीव ओल्या प्रदेशांतल्या जातींहून वेगळे असण्याची शक्यता मोठी आहे. २०१३ सालच्या एका अंदाजानुसार जगात सायनोबॅक्टेरियाच्या ६,२८० जाती असाव्यात. तोवर वर्णन झाले होते २,६९८ जातींचे. उरलेल्यांतल्या काही पर्जन्यछायेच्या टापूत असतील असे मानायला जागा आहे. सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ २००४ पासून आहे. या कामाला लागणारा सूक्ष्मदर्शक, ट्यूबलाइटची मांडणी आणि बीजी-११चे क्षार कुठल्याही बऱ्या महाविद्यालयाला परवडतात. डीएनएचे वाचन बाहेरून करून मिळते.

नाव जाहीर करताना मात्र एक विचित्र अडचण येते. सायनोबॅक्टेरियावर दोन नियमावल्यांचा हक्क आहे. पूर्वापार ते वनस्पतींच्या नियमावलीत होते, तेही इतक्या कडक की १९५८ ते २०११ या काळात लॅटिनमध्ये वर्णन नसेल तर नवे नाव ग्राह्यच धरले जात नसे. १९७८ साली रॉजर स्टॅनियर आणि सहकाऱ्यांनी म्हटले की हे जीवाणू आहेत, यांना जीवाणूंच्या नियमावलीत आणा. भांडण चाळीस वर्षे चालले. अखेर २०२१ साली जीवाणूंच्या नियमावलीने वनस्पतींच्या नियमांनुसार दिलेली नावेही मान्य केली.

जीवाणूंचा रस्ता धरला तर जातीचा जिवंत वाण दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. भारतातून सूक्ष्मजीव बाहेर पाठवायचा तर २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार परवानगीची वाट पाहावी लागते. वनस्पतींच्या रस्त्याने गेले तर एखाद्या मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये वाळवलेला किंवा निष्क्रिय करून जपलेला एकच नमुना पुरतो. बहुतेक संशोधक हा दुसरा रस्ता धरतात, आणि जिवंत वाण खबरदारी म्हणून पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्सच्या संग्रहातही ठेवून देतात.